पाणी किती वेळ उकळायचं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या स्त्री वॉर्डात पंधरा वर्षांची एक मुलगी कावीळ होऊन दाखल झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, दोन दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं. तपासणीत हिपॅटायटिस ‘ए’ निघाला. ही दूषित पाण्यातून होणारी आणि बहुतेक वेळा आपोआप बरी होणारी कावीळ. तीही बरी होऊन घरी गेली. पण तिच्या आईला पाहताच मी ओळखलं. महिन्याभरापूर्वी याच बाईंच्या सासूबाई जुलाब-उलट्यांनी आमच्याकडे दाखल होत्या आणि त्यांना घरी सोडताना मीच बजावलं होतं, ‘पाणी वीस मिनिटं उकळूनच प्यायचं.’

‘ताई, पाणी उकळत नव्हता का?’ मी विचारलं.

‘उकळत होतो ना मॅडम. आठ दिवस सगळ्यांचं उकळलं. पण वीस मिनिटं म्हणजे गॅस किती जातो! आम्हाला सिलिंडर दीड महिना पुरवावा लागतो. मग सासूबाईंपुरतं तेवढं उकळायचो.’

तिचं काही चुकलं नव्हतं. हातात असलेल्या गॅसमध्ये जे करता येईल ते तिनं केलं होतं आणि घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला आधी सांभाळलं होतं. वीस मिनिटांचा आकडा मात्र माझा होता. तो मी कुठून आणला? विद्यार्थी असताना आमच्या सामाजिक आरोग्याच्या पुस्तकात दहा ते वीस मिनिटं असं वाचल्याचं आठवतं. पुढे तीसेक वर्षं मी ते कार्डावर लिहीत आले. कुणी विचारलं नाही, मीही तपासलं नाही.

त्या दिवशी रात्री मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन हिशेब केला. आज तो तुमच्यापुढे मांडते आहे, कारण ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना आता पावसाळ्यापुरती उरलेली नाही. २०२५च्या जानेवारीत, ऐन थंडीत, पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. पायांतली ताकद जायची, मग हातांतली, आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागायचा. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरमुळे आधी साधे जुलाब होतात. त्याच्याशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती एखाद्याच्या बाबतीत चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चाल करून जातात, कारण या जीवाणूच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. असं फार थोड्यांना होतं. पण एका भागातल्या हजारो लोकांच्या पोटात तेच पाणी गेलं, की ‘फार थोडे’ म्हणजेसुद्धा एक अख्खा वॉर्ड होतो.

तेव्हा प्रशासनाचा सल्ला होता पाणी उकळून पिण्याचा आणि अन्न, विशेषतः चिकन, नीट शिजवून खाण्याचा. सल्ला बरोबरच होता. किती वेळ उकळायचं यावर मात्र फोनवर फिरणाऱ्या निरोपांत कुणी पाच मिनिटं सांगत होतं, कुणी दहा, कुणी वीस. एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘मॅडम, कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढल्या तर चालेल का?’ बाकी सगळ्यांपेक्षा हा प्रश्न मला जास्त शहाणपणाचा वाटला. कारण त्यात दाबाचा विचार होता.

शाळेत आपण शिकलो की पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. ते अर्धं खरं आहे. पाणी तापवलं की त्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या वाफेचा जोर वाढत जातो. वरून हवा पाण्याच्या पृष्ठभागावर दाब देत असते. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचं ओझं. वाफेचा जोर या ओझ्याइतका झाला, की पाण्याच्या पोटातसुद्धा बुडबुडे धरू लागतात आणि पाणी खदखदतं. मुंबईच्या किंवा पणजीच्या किनाऱ्यावर हे १०० अंशांना घडतं. उंचावर हवा विरळ, ओझं कमी, म्हणून वाफेला कमी जोर पुरतो आणि पाणी लवकर उकळतं. ढोबळ मानानं दर तीनशे मीटर चढलं की उत्कलनबिंदू एका अंशानं उतरतो. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास, लेहला ८८. एव्हरेस्टच्या माथ्यावर ७१-७२ अंशांनाच.

यातला व्यवहाराचा भाग वेगळाच आहे. एकदा पाणी उकळू लागलं, की गॅस कितीही मोठा करा, ते त्याहून गरम होत नाही. वरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मंद आचेवर हलकं उकळणारं पाणी आणि मोठ्या आचेवर उड्या मारणारं पाणी, दोघांचं तापमान सारखंच. दुसऱ्याचा आवाज तेवढा मोठा.

आणि जंतू मारण्याचं काम आवाजाचं नाही, बुडबुड्यांचंही नाही. आमच्या इंटर्न मुलांना मी एक गंमत दाखवते. मोठ्या सिरिंजमध्ये साठ-सत्तर अंशांचं गरम पाणी थोडंसं घ्यायचं, पुढचं तोंड टोपणानं घट्ट बंद करायचं आणि दट्ट्या मागे ओढायचा. आतला दाब घटतो आणि ते पाणी तिथल्या तिथे उकळू लागतं. दट्ट्या सोडला की थांबतं. मुलं हसतात. मग मी विचारते, आत्ता उकळलेलं हे पाणी प्यायला सुरक्षित झालं का? काही जण मान डोलावतात, काही बुचकळ्यात पडतात. जंतूला मारतं ते तापमान, आणि त्या तापमानात काढलेला वेळ. उकळी ही फक्त खूण आहे, थर्मामीटरशिवाय डोळ्यांना दिसणारी. स्वयंपाकघरात तिच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही, म्हणून आपण ती वापरतो.

मग जंतूंना किती तापमान लागतं? डेअरीत दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवतात, किंवा ६३ अंशांवर अर्धा तास. तेवढ्यात दुधातले रोगजंतू मरतात. कॉलरा, विषमज्वर, कॅम्पिलोबॅक्टर, जुलाब करणारा ई कोलाय, ही सगळी मंडळी साठ अंशांच्या वर फार तग धरत नाहीत. अमीबा, जिआर्डियाही तसेच. यांतला चिवट म्हणजे त्या मुलीला झालेला हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू. तोही ८५ अंशांच्या वर मिनिटभरात निष्क्रिय होतो. म्हणजे प्यायच्या पाण्यातून होणाऱ्या नेहमीच्या रोगांपैकी कुणालाही ठार करायला पूर्ण शंभर अंशांचीसुद्धा गरज नाही, वीस मिनिटांची तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, उतरवा आणि आपोआप गार होऊ द्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला एक मिनिटाचा आहे, आणि सुमारे दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांना तीन मिनिटांचा. महाराष्ट्रात दोन हजार मीटरवर एकही गाव नाही. आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा १६४६ मीटरचं.

शिवाय आपण एक गोष्ट विसरतो. दहा लिटरचं पातेलं घरच्या शेगडीवर उकळायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यातला शेवटचा निम्मा वेळ पाणी साठ अंशांच्या वर असतं. गॅस बंद केल्यावर झाकलेलं पातेलं पुन्हा साठ अंशांच्या खाली यायलाही चांगला वेळ घेतं. म्हणजे माझी वीस मिनिटं त्या पाण्यानं उकळी फुटण्याच्या आधीच भरलेली असतात.

आता तो गॅसचा हिशेब. दहा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला, शेगडीची वाया जाणारी उष्णता धरून, साधारण शंभर ते एकशेदहा ग्रॅम गॅस लागतो. नंतर वीस मिनिटं मोठ्या आचेवर ठेवलं तर आणखी पन्नासेक ग्रॅम. म्हणजे जवळपास निम्म्यानं जास्त. तेवढ्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी वाफ होऊन उडूनही जातं. महिन्याला धरलं तर नुसती उकळी काढायला सव्वातीन किलो, वीस मिनिटांसह पावणेपाच किलो. दीड किलोचा फरक, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा दहावा भाग. ज्यांच्या घरी पाइपचा गॅस आहे त्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. सिलिंडर दीड महिना पुरवणाऱ्या घरात याच दहाव्या भागावर ठरतं की उकळलेलं पाणी सगळ्यांना मिळणार की एकट्या म्हातारीला. खरं तर सव्वातीन किलोसुद्धा कमी नाहीत, त्याकडे मी शेवटी येतेच.

आमच्या वैद्यकीय वर्तुळात एक समजूत आहे की सल्ला कडक द्यावा, म्हणजे लोक निदान अर्धा तरी पाळतील. वीस मिनिटं सांगितली तर पाच मिनिटं उकळतील. मला आता तसं वाटत नाही. न परवडणारा सल्ला माणूस अर्धा पाळत नाही, सोडून देतो. आणि सोडून दिल्याची त्याला लाज वाटते, म्हणून पुढच्या वेळी आम्हाला खरं सांगतही नाही. या बाईंनी सांगितलं, हे माझं नशीब.

कुकरवाल्या गृहस्थांचं उत्तर राहिलं. कुकर म्हणजे उंचावर जाण्याच्या बरोबर उलट. फ्रान्समध्ये जन्मलेल्या दनी पापँ याने १६७९च्या सुमारास लंडनमध्ये असं बंद भांडं बनवलं, दाब फार वाढून फुटू नये म्हणून त्याला झडपही बसवली. आत वाफ कोंडली की हवेच्या ओझ्यावर वाफेचं ओझं चढतं आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. डाळ मऊ शिजते ती म्हणून. प्यायच्या पाण्याला मात्र एवढ्याची गरज नाही. शिट्ट्या काढल्या तर चालेल, पण तो गॅस डाळीसाठी ठेवा, असं मी त्यांना म्हटलं. लेहमध्ये मात्र कुकरशिवाय राजमा शिजणं कठीण. केदारनाथला जाऊन आलेले आपल्याकडचे लोक तिथला भात कच्चा राहतो, चहा लवकर गार होतो अशी तक्रार करतात. तिथे, साडेतीन हजार मीटरच्या वर, उकळता चहा मुळात ८८ अंशांचाच असतो. भात कच्चा राहिला म्हणून पाणीही कच्चं राहिलं असेल ही भीती मात्र बाळगू नका. तिथलं पाणी तीन मिनिटं खळखळून उकळलं की प्यायला पुरेसं आहे. तांदळाचा दाणा मऊ होणं आणि जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथवर मी उकळीची बाजू घेतली. आता जिथे उकळी अजिबात पुरत नाही तिथे जाऊ, कारण ती चूक आमच्या घरातली, म्हणजे रुग्णालयांतली आहे.

मी इंटर्न म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. टेबलावर विजेचं एक स्टीलचं भांडं पाण्यानं भरलेलं असायचं, त्यात सिरिंजा-सुया उकळायच्या. गर्दी वाढली की भांड्यातून काढ, वापर, परत टाक, असं चालायचं. दोन रुग्णांच्या मध्ये सुईला किती वेळ मिळायचा हे आज आठवायला नको वाटतं. पण शांतपणे वीस मिनिटं उकळलं तरीही ते निर्जंतुकीकरण नव्हतं. धनुर्वातासारखे काही जंतू संकट आलं की स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनून बसतात. शंभर अंशांचं पाणी ते सोसू शकतात. ते मारायला वाफ हवी आणि ती दाबाखाली, १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटं. पाश्चरचे सहकारी चार्ल्स शांबरलाँ यांनी १८७९मध्ये त्यासाठी ऑटोक्लेव्ह बनवलं. तत्त्व पापँच्या भांड्याचंच. आज शस्त्रक्रियेची उपकरणं, कापसाचे बोळे, गाऊन, सगळं त्यातून जातं.

(या बीजाणूंपैकी एक आपल्या घरातही असतो. बॅसिलस सेरियसचे बीजाणू तांदळावर असतात आणि भात शिजला तरी मरत नाहीत. दुपारचा भात ओट्यावर रात्रीपर्यंत राहिला की ते रुजतात, वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा फोडणी दिली तरी जात नाही. भात उरला तर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा, एवढंच.)

ऑटोक्लेव्हवर दाबाचा काटा असतो. आमच्याकडे त्याला ‘पंधरा पौंड’ म्हणतात, म्हणजे दर चौरस इंचाला १५ पौंड. काटा पंधरावर आला की घड्याळ लावायचं, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. पण हा काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते. बाहेरची हवाच विरळ असेल तर? समुद्रसपाटीला काट्यावर पंधरा म्हणजे आत १२१ अंश. मेळघाटात चिखलदऱ्याच्या उंचीवर, सुमारे अकराशे मीटरला, तोच काटा पंधरावर असताना आत ११९ अंश असतात. लेहला ११५. फरक किरकोळ वाटतो, पण बीजाणूंच्या बाबतीत दहा अंश कमी झाले की साधारण दहापट वेळ लागतो. त्या हिशेबानं चिखलदऱ्यातली पंधरा मिनिटं म्हणजे १२१ अंशांची साडेनऊ मिनिटं, आणि लेहमधली पंधरा मिनिटं म्हणजे जेमतेम चार. काटा बिघडलेला नसतो, नोंदवहीत सही असते, टाके मात्र पिकतात. नव्या यंत्रांत तापमान मोजून चक्र चालतं, तिथे हा प्रश्न येत नाही. आडगावच्या केंद्रांत उभी, जुनी, कुकरसारखी यंत्रं आहेत, तिथे तो येतो. अशा उंच ठिकाणी काटा थोडा वर न्यावा लागतो. लेहला जवळपास वीस पौंडांपर्यंत. यंत्राची तेवढी ताकद नसेल तर वेळ वाढवायचा.

दुसरी चूक उंचीशी संबंधित नाही आणि ती सपाटीवरच जास्त होते. भांड्यातली हवा आधी पूर्ण बाहेर काढली नाही तर काटा पंधरा दाखवतो खरा, पण तो दाब हवा आणि वाफ दोघांचा मिळून असतो. निम्मी हवा आत राहिली तर तापमान ११२ अंशांवरच अडतं. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा ओळीनं चिघळू लागल्या तेव्हा आम्ही औषधं बदलली, मलमपट्टी बदलली, शेवटी यंत्रात बीजाणूंची चाचणीपट्टी ठेवून पाहिली. पट्टीवरचे बीजाणू जिवंत निघाले. काम करणारा मुलगा नवा होता. वाफेचा जोरदार फवारा येईपर्यंत झडप उघडी ठेवायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या जुन्या सिस्टर त्याला समजावताना म्हणाल्या, ‘अरे, तुझी आई कुकरला वाफ आल्याशिवाय शिट्टी ठेवते का?’ त्याला तेवढ्यात कळलं.

रुग्णालयातल्या कचऱ्याचंही तेच. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत साध्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश आणि १५ पौंड दाबावर किमान साठ मिनिटं असं लिहिलेलं आहे. तापमान आणि दाब, दोन्ही. एकाच आकड्यावर भिस्त ठेवायची नाही म्हणून दोन्ही. तपासणीला येणारी माणसं मात्र बहुधा नोंदवहीतला एकच रकाना बघून जातात. ही माझी तक्रार समजा.

म्हणजे रुग्णालयात जिथे कडक व्हायचं तिथे आम्ही काट्याकडे पाहून निर्धास्त, आणि गरिबाच्या चुलीवर मात्र वीस मिनिटं.

आता त्या घरातल्या पाण्याकडे परत. पाणी उकळल्यावर काय होतं, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा कळलं, उकळलेलं पाणी त्या माठात ओतायच्या आणि माठ विसळायच्या नळाच्या पाण्यानं. पेल्यानं बुचकळून घ्यायच्या. उकळलेल्या पाण्यात क्लोरीनसारखा पुढे राखण करणारा कुणी नसतो. एका बोटानं ते पुन्हा दूषित होतं. ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून ठेवावं, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं किंवा तोटीनं घ्यावं, त्याच दिवशी संपवावं. आणखी एक. आपल्या सगळ्या फलकांवर ‘पाणी उकळून व गाळून प्या’ असं लिहिलेलं असतं. क्रम उलटा हवा. आधी गाळायचं, मग उकळायचं. उकळलेलं स्वच्छ पाणी खुंटीवरच्या फडक्यातून गाळलं की सगळी मेहनत त्या फडक्यात गेली. हा फलक आमच्या ओपीडीबाहेरही होता. रंगवून घेतला आहे.

उकळल्यानं फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही हेही इथेच सांगते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे जितकं जास्त उकळाल तितकं पाणी उडून ते किंचित घट्टच होतं. तिथे स्रोत बदलणं हाच उपाय. आणि जिथे गॅसच नाही तिथे क्लोरीनचे थेंब, प्रमाण आणि अर्ध्या तासाची वाट पाळून, हा उकळीला चांगला पर्याय आहे. आशाताईंकडे मिळतात. वासाची तक्रार सगळे करतात, मीही करते.

शेवटी ते सव्वातीन किलो. वीस मिनिटं वाचवली तरी उरलेला गॅस त्या बाईंनी का जाळायचा, हा प्रश्न राहतोच. त्यांच्या वस्तीत पाणी दिवसाआड तासभर येतं. बाकी वेळ जलवाहिनी रिकामी, दाब नाही. वाहिनी गटाराला लागून, काही ठिकाणी गटारातूनच गेलेली. वाहिनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर पडतं. पंप बंद होऊन दाब उतरला की त्याच भेगेतून गटाराचं पाणी आत शिरतं, आणि पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिल्या हंड्यात घरी येतं. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी स्वच्छ होतं, असं पालिकेचे अभियंते सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावानं चोवीस तास पाण्याची योजना राबवली. त्यामागे लोकांच्या सोयीइतकाच हा दाबाचा मुद्दाही होता. कायम भरलेल्या वाहिनीत घाण शिरायला वाट मिळत नाही.

त्या मुलीला घरी सोडलं तेव्हा आईला मी कार्डावर लिहून दिलं. पहिला हंडा प्यायला घेऊ नका. गाळा, खळखळून उकळी येऊ द्या, मनातल्या मनात साठ आकडे मोजा, गॅस बंद करा, झाकण काढू नका. सगळ्यांचं उकळा. तिनं वाचलं आणि विचारलं, ‘एवढंच? मग वीस मिनिटं कशाला सांगितली होती?’

मी चुकले होते, असं म्हटलं. त्यांच्या वस्तीतून त्या महिन्यात काविळीचे आणखी चार रुग्ण आमच्याकडे आले. त्या चौघांच्या घरचे नळ कोणत्या वाहिनीवर आहेत याचा नकाशा जोडून पालिकेला पत्र दिलं आहे.